सुपरमॅनचा शत्रू कुणी बदलला?

१ मार्च १९३८ या तारखेचा एक धनादेश आहे. न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीने तो ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातील दोन तरुणांच्या नावे काढला होता. रक्कम ४१२ डॉलर. कोणत्या कामाचे किती पैसे, याचा हिशेब त्यावर टाईप केलेला आहे. त्यातले १३० डॉलर एका तेरा पानी चित्रकथेचे आणि तिच्यातल्या नायकावरच्या सगळ्या हक्कांचे, बाकीचे इतर चित्रकथांचे. ज्यांना पैसे द्यायचे त्यांची नावेदेखील कारकुनाने चुकीची लिहिली आहेत. त्या नायकाचे नाव सुपरमॅन. २०१२ साली या धनादेशाचा लिलाव झाला, तेव्हा त्या जुन्या कागदाला १ लाख ६० हजार डॉलर मिळाले.

जेरी सिगेल आणि जो शूस्टर या जोडीवर झालेला हा अन्याय चित्रकथांच्या वाचकांना नवा नाही, आणि तो कितीदा सांगितला तरी कमीच आहे. पण त्या १३० डॉलरमध्ये आणखी एक गोष्ट विकली गेली, आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. नायक कुणाशी लढणार, हे ठरवण्याचा अधिकारही त्याच दिवशी निर्मात्यांच्या हातून गेला. अमेरिकी चित्रकथांतले पहिले सुपरहिरो आपापल्या काळातल्या अगदी ठरावीक, ओळखता येणाऱ्या अन्यायातून जन्मले होते. पुढे त्यांची किंमत वाढत गेली तसतसा त्यांच्यासमोरचा शत्रू दूर सरकत गेला, आणि पडद्यावर येईपर्यंत अनेकदा तो पृथ्वीच सोडून गेला. नायकाला नवे रूप देण्याला माझा विरोध नाही. या रूपांतरात सामर्थ्य जपले गेले आणि गाऱ्हाणे मात्र गाळले गेले, हे मला खटकते.

सिगेल आणि शूस्टर दोघेही १९१४ सालचे, दोघेही युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले. क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल भागातल्या शाळेत त्यांची मैत्री झाली. जेरीच्या वडिलांचे कपड्यांचे छोटे दुकान होते. जून १९३२ मध्ये त्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडील हृदयविकाराने कोसळून गेले. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढच्याच जानेवारीत त्याने आणि जोने स्वतः छापलेल्या मासिकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरले, पण तो नायक नव्हता, टक्कल पडलेला खलनायक होता. त्याचा नायक पुढे झाला. वडील तसे गेले म्हणून गोळी न लागणारा नायक सुचला, असे सरळ समीकरण काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते सिद्ध करता येणार नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. महामंदीच्या त्या वर्षांत ज्यांच्या घरात पैसा नव्हता, ज्यांच्या धर्माच्या लोकांना युरोपात पळता भुई थोडी झाली होती आणि ज्यांच्याकडे शाळेतल्या मुली ढुंकूनही पाहत नव्हत्या, अशा दोन मुलांना सामर्थ्याचे स्वप्न का पडले, हे कळायला एवढी परिस्थिती पुरेशी आहे. सुपरमॅन एरवी ज्या पत्रकाराच्या रूपात वावरतो तो चष्मा लावणारा, बुजरा क्लार्क केंट हा बराचसा खुद्द शूस्टर होता. केंटची सहकारी पत्रकार लोइस लेन हिच्या चित्रासाठी चित्रकारासमोर बसलेली मुलगी पुढे, १९४८ साली, सिगेलची पत्नी झाली.

'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातला, म्हणजे जून १९३८चा सुपरमॅन आज वाचला तर अनोळखी वाटतो. त्याला उडता येत नाही, तो लांब उड्या मारतो. पहिल्याच कथेत तो फाशीच्या वाटेवर असलेल्या निरपराध बाईला वाचवण्यासाठी मध्यरात्री राज्यपालांचे दार तोडतो, बायकोला पट्ट्याने मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, आणि शेवटी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरला विकत घेऊ पाहणाऱ्या एका दलालाला खांद्यावर टाकून तारांवरून पळत सुटतो. दुसऱ्या अंकात तो शस्त्रांच्या कारखानदाराला, ज्या युद्धातून तो नफा कमावतो आहे त्याच युद्धात साधा शिपाई म्हणून उभे करतो. यांपैकी कुणाकडेही अलौकिक शक्ती नाही. या लोकांकडे असलेली ताकद पैशाची, हुद्द्याची किंवा घराच्या बंद दाराआडची आहे.

तिसऱ्या अंकातली खाणीची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. एका कोळशाच्या खाणीत छत कोसळते आणि एक स्थलांतरित कामगार कायमचा जायबंदी होतो. खाण सुरक्षित नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मालक मात्र जबाबदारी झटकून मोकळा होतो आणि आपल्या बंगल्यावर मेजवान्या देत राहतो. सुपरमॅन खाण कामगाराच्या वेशात त्या मेजवानीजवळ जाऊन पोचतो. उंची कपडे घातलेल्या पाहुण्यांना गंमत म्हणून मेजवानी खाणीतच पुढे चालू ठेवण्याची लहर येते, आणि सगळी मंडळी पाळण्यातून खाली उतरतात. तिथे सुपरमॅन मुद्दाम छत पाडतो. आता धोक्याची घंटा वाजवायला जावे तर ती बिघडलेली. बाहेर पडायला वाट खणावी तर हातांना कामाची सवय नाही. दागिने घातलेले ते हात फावडी धरून थकतात, श्वास लागतो, रडारड होते, आणि ज्या घंटेच्या दुरुस्तीचा खर्च आपणच वाचवला होता तिच्याकडे मालक बघत राहतो. सुपरमॅन या सगळ्यांत एक बुक्कीही मारत नाही. तो मालकाला फक्त मजुराच्या जागी उभा करतो. वठणीवर आलेला मालक आपली खाण देशातली सर्वांत सुरक्षित खाण करण्याचे वचन देतो, आणि पत्रकार केंट त्याची बातमी करतो. शक्तीचा इतका नेमका उपयोग पुढच्या साडेआठ दशकांत या नायकाच्या वाट्याला फार क्वचित आला.

कारण दोनेक वर्षांतच या नायकाची किंमत बदलली. अंकांचा खप लाखांत गेला, वर्तमानपत्रांत रोजची पट्टी सुरू झाली, रेडिओ आला, खेळणी आली, १९४१ साली पडद्यावरची पहिली रंगीत व्यंगचित्रफीत आली. संपादकांनी नायकाने काय करू नये याचे नियम घातले. खाणमालक, झोपडपट्टीचा मालक, लाचखाऊ राजकारणी यांची जागा वेडे शास्त्रज्ञ, दरोडेखोर आणि परग्रहवासी घेऊ लागले. यात कुणी कारस्थान रचले असे मी म्हणत नाही. १३० डॉलरच्या नायकाला खाणमालकाशी भांडण परवडते. लाखोंच्या मालमत्तेला कोणाशीच भांडण परवडत नाही, कारण आता प्रत्येक जण तिचा ग्राहक असतो, आणि खाणमालकाचा मुलगाही खेळणी विकत घेतो. शत्रूचे हे स्थलांतर चित्रपटांनी सुरू केले नाही, ते कंपनीच्या कचेरीत सुरू झाले, हे चित्रपटांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. चित्रपटांनी त्याला शेवटच्या टोकापर्यंत नेले. परवा माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला मी विचारले, सुपरमॅन कुणाशी लढतो रे? त्याने क्षणाचाही विलंब न लावता दोन-तीन नावे सांगितली, आणि ती सगळी परग्रहावरची किंवा प्रयोगशाळेत तयार झालेली होती. 'माणसांशी नाही लढत का?' या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, 'मामा, माणसांशी लढायला सुपरमॅन कशाला लागतो?' त्याच्या प्रश्नाला तिसऱ्या अंकातली ती खाण हेच उत्तर होते, पण ती त्याच्यापर्यंत कुणी पोचू दिली नव्हती.

वंडर वूमनच्या बाबतीत हे नुकसान आणखी ठळकपणे दिसते, कारण तिच्या जन्मामागे एक चळवळच उभी होती. १९४१च्या अखेरीस ती पहिल्यांदा छापली गेली. तिचे निर्माते विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटे ओळखण्याच्या चाचणीवर त्यांनी काम केले होते, आणि नायिकेच्या हातातला सत्य वदवून घेणारा दोर त्यांच्या या ध्यासाशी सहज जोडता येतो. त्यांच्या घरात पत्नी एलिझाबेथ यांच्यासोबत ऑलिव्ह बर्न राहत असत, आणि वंडर वूमनच्या मनगटांवरची रुंद कडी ही ऑलिव्ह यांच्या हातातल्या कड्यांवरून आली. ऑलिव्ह यांची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. त्यासाठी तुरुंगात गेल्यावर एथेल यांनी उपोषण केले, आणि अधिकाऱ्यांनी त्यांना जबरदस्तीने अन्न भरवले. नायिकेचे चित्रकार एच. जी. पीटर हे त्याआधी स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने व्यंगचित्रे काढत असत. साखळ्यांनी बांधलेली आणि त्या साखळ्या तोडणारी स्त्री ही मताधिकाराच्या चळवळीची ओळखीची प्रतिमा होती, आणि तीच या पानांवर उतरली. याच चित्रांत मार्स्टन यांच्या स्वतःच्या काही विक्षिप्त कल्पनाही मिसळल्या होत्या हे खरे आहे. ते लपवून या नायिकेला सोवळ्यात गुंडाळण्याची गरज नाही.

१९४२च्या कथांत ही वंडर वूमन दुधाचे भाव चढवून मुलांना उपाशी ठेवणाऱ्या कंपनीविरुद्ध मोर्चा काढते, आणि एका मोठ्या दुकानात तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या विक्रेत्या मुलींच्या बाजूने उभी राहते. आता २०१७चा चित्रपट आठवून पाहा. पॅटी जेन्किन्स यांनी तो मनापासून केला आहे. खंदकातून वर येऊन गोळ्यांच्या वर्षावात एकटी चालत जाणारी डायना, म्हणजे वंडर वूमन, पाहताना अनेक स्त्रियांना गहिवरून आले, आणि ती प्रतिक्रिया सर्वस्वी खरी होती. चित्रपट एका फार चांगल्या विचाराच्या उंबरठ्यापर्यंत येतोही. डायनाला वाटते की युद्धदेवाला मारले की युद्ध थांबेल. ज्याला ती युद्धदेव समजते त्याला ती मारते, आणि युद्ध थांबत नाही. युद्ध माणसेच करतात, हे ऐकायला ती आणि आपण तयार झालेलो असतो. पण नेमक्या त्या क्षणी खरा युद्धदेव प्रकट होतो, विजा चमकतात, आणि शेवटची मारामारी सुरू होते. दूध कंपनीच्या जागी देव आला. देवाला हरवता येते, पण दूध कंपनीशी भांडायला मोर्चा लागतो.

कॅप्टन अमेरिकाची गोष्ट सांगताना त्याच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ समोर ठेवले पाहिजे. त्यावर मार्च १९४१ असे छापलेले असले तरी अंक डिसेंबर १९४० मध्येच विक्रीला आला होता. तिकोनी ढाल घेतलेला, अंगावर ध्वजाचे पट्टे असलेला एक तरुण खिडकी ओलांडून थेट नाझींच्या खोलीत शिरला आहे. भोवतालचे सैनिक गोळ्या झाडत आहेत, मागच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवला जाताना दिसतो आहे, आणि त्या तरुणाची मूठ हिटलरच्या जबड्यावर पडली आहे. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला अजून वर्षभर दूर होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकी नाझीसमर्थकांची सभा झाली होती आणि तिला वीस हजारांवर लोक जमले होते. म्हणजे ही बुक्की लोकप्रिय मताच्या मागे लपून मारलेली नव्हती. ती जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी मारली. दोघेही शिंपीकामावर पोट भरणाऱ्या ज्यू स्थलांतरितांची मुले. त्यानंतर धमक्यांची पत्रे आली, कचेरीला पोलिसांचा पहारा बसला, आणि खुद्द महापौर ला गार्डिया यांनी फोन करून धीर दिला, असे सायमन यांनी सांगून ठेवले आहे. कर्बी पुढे १९४३ साली सैन्यात भरती झाले, फ्रान्समध्ये पायदळात लढले, आणि गोठलेल्या पायांनी परत आले.

२०११ सालच्या चित्रपटात ही बुक्की आहे, पण ती रंगमंचावर आहे. युद्धरोखे विकण्यासाठी चालवलेल्या नाचगाण्याच्या कार्यक्रमात कॅप्टन अमेरिका हिटलरचे सोंग घेतलेल्या नटाला रोज लोळवतो, आणि आपण हिटलरला दोनशेहून अधिक वेळा पाडले आहे असे तो पुढे सांगतो. प्रचारकी वीरत्वाची ही टीका चतुर आहे, मी तिला दाद देतो. प्रश्न त्यानंतरच्या युद्धाचा आहे. खऱ्या लढाईत कॅप्टनसमोर नाझी सत्ता जवळजवळ नाहीच. तिथे आहे हायड्रा नावाची काल्पनिक संघटना, जी हिटलरपासूनही फुटून निघालेली आहे आणि जिच्या बंदुकांतून निळा प्रकाश निघतो. ज्या माणसांच्या विरोधात ते मुखपृष्ठ काढले गेले, त्यांचे नाव घ्यायला १९४० मध्ये धाडस लागत होते. २०११ मध्ये कोणतेही धाडस लागत नव्हते, तरी ते नाव बाजूला ठेवले गेले. दोन वर्षे आधीच डिस्नेने मार्व्हल ही कंपनी चार अब्ज डॉलरना घेतलेली होती, आणि चार अब्जांच्या मालमत्तेला असा शत्रू हवा असतो की जो जगातल्या कोणत्याही बाजारपेठेत कुणालाच आपला वाटणार नाही.

पडद्यावरच्या कथा शत्रूला दूर नेत नाहीत तेव्हा त्या दुसरी वाट धरतात, आणि ती समजायला आपल्याकडची अढी उपयोगी पडते. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, असे आपण म्हणतो. या चित्रपटांत मात्र नासका आंबा उचलून फेकला की उरलेली अढी गोड असल्याची ग्वाही मिळते. २००८चा 'आयर्न मॅन' घ्या. १९६३च्या मूळ चित्रकथेत व्हिएतनामच्या जंगलात कम्युनिस्टांना धडा शिकवणारा शस्त्र कारखानदार होता, आणि त्या कथेत कारखानदारीबद्दल कसलाही प्रश्न नव्हता. चित्रपटाने अफगाणिस्तान आणले आणि एक असामान्य दृश्य दिले. आयर्न मॅन होणाऱ्या कारखानदार टोनी स्टार्कजवळ येऊन पडलेल्या शस्त्रावर त्याच्याच कंपनीचे नाव असते, ते वाचायला त्याला क्षणभर मिळतो आणि मग स्फोट होतो. इथे नवा अवतार मूळ कथेपेक्षा निःसंशय मोठा आहे. पण पुढे कळते की दोष एका भागीदाराचा होता, तोच चोरून शत्रूला शस्त्रे विकत होता. त्याला मारले की शस्त्रांच्या धंद्यापुढचा प्रश्न मिटतो. हा चित्रपट अमेरिकी संरक्षण खात्याच्या सहकार्याने आणि एडवर्ड्स हवाई तळावरच्या चित्रीकरणासह तयार झाला, हे यासोबत लक्षात ठेवावे लागते. २०१४ सालच्या कॅप्टन अमेरिकाच्या दुसऱ्या चित्रपटातही तेच घडते. सरकारी यंत्रणा आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवते, हा विषय एडवर्ड स्नोडेनच्या गौप्यस्फोटानंतर वर्षभरात पडद्यावर आला, आणि मग उत्तर मिळाले की यंत्रणेत हायड्राची माणसे शिरली होती. म्हणजे यंत्रणा मुळात बरी होती.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की ही करमणूक आहे आणि तिच्याकडून समाजसुधारणा मागू नये. मला तो पटत नाही, कारण खाणीची गोष्टही दहा सेंटला विकली जाणारी करमणूकच होती आणि तिचे वाचक बहुतांशी शाळकरी मुले होती. करमणूक असूनही ती खाणमालकाकडे बोट दाखवू शकली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळ रूपाला चिकटून राहणे हा उपाय नाही, कारण कितीतरी वेळा दुसऱ्या माध्यमाने, दुसऱ्या लेखकांनी, कंपनीच्या मालकीतच नायकाला अधिक धारदार केले. हे मला पूर्णपणे मान्य आहे. १९४६च्या उन्हाळ्यात सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेने सोळा भागांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या गटासारख्या संघटनेचे वाभाडे काढले. गोष्टीत एका चिनी कुटुंबातल्या मुलाला बेसबॉलच्या संघात घेतल्यामुळे त्याच्या घरावर हल्ले होतात. ही मालिका नाश्त्याचे पदार्थ विकणाऱ्या केलॉग कंपनीच्या पैशावर चालत होती, म्हणजे प्रायोजकाला बाजारपेठेची काळजी असूनही ती झाली. 'एक्स-मेन' चित्रकथांतला मॅग्नेटो १९६३ साली साधा खलनायक होता. पुढे लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी त्याला छळछावणीतून वाचलेला ज्यू केले, आणि २०००च्या 'एक्स-मेन' चित्रपटाने १९४४ सालच्या पोलंडमध्ये, छावणीच्या दारात आईवडिलांपासून तोडल्या जाणाऱ्या मुलावरच पडदा उघडला. २०१९च्या 'वॉचमेन' मालिकेची सुरुवात १९२१ सालच्या टल्सा हत्याकांडाने होते. ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली, आणि अनेक अमेरिकी प्रेक्षकांनी ही घटना या मालिकेमुळे पहिल्यांदा ऐकली. विशेष म्हणजे मूळ चित्रकथेचे लेखक अ‍ॅलन मूर यांनी अशा सर्व रूपांतरांपासून आपले नाव केव्हाच काढून घेतले आहे. तेव्हा निर्मात्याचा शब्द पाळला की कथा चांगली होते, असे काही गणित नाही. कथेला नवे हात लागले तरी चालतील, त्या हातांनी समोर खरा माणूस, खरी व्यवस्था, खरा प्रसंग उभा करावा. टल्सा दाखवणाऱ्यांनी ते केले, आणि निळ्या प्रकाशाच्या बंदुका दाखवणाऱ्यांनी टाळले.

मग मी मालकीचा मुद्दा का सोडत नाही? कारण टल्सा किंवा रेडिओवरचा क्लॅन हे अपवाद कुणाच्या तरी धाडसावर अवलंबून होते, आणि धाडस दाखवण्याचा हक्क कुणाला कायद्याने मिळालेला नव्हता. सिगेल आणि शूस्टर यांनी १९४७ साली दावा लावला, पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, आणि त्यानंतर त्यांची नावेच सुपरमॅनवरून पुसली गेली. १९७५ साली मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना सिगेल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होते आणि शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सिगेल यांनी त्या चित्रपटाला तळतळाट देणारे लांबलचक पत्र वृत्तपत्रांना पाठवले, नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी मोहीम उभारली, आणि कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि नावाचा उल्लेख द्यायचे मान्य केले. त्याच चित्रपटात मार्लन ब्रँडो यांना सुपरमॅनच्या वडिलांच्या छोट्या भूमिकेसाठी ३७ लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा मिळाला. बॅटमॅनचे बिल फिंगर यांना एवढेही मिळाले नाही. ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर, कान असलेला मुखवटा आणि पंखासारखी शाल ही त्यांची देणगी. ते १९७४ साली गेले, १९८९च्या गाजलेल्या चित्रपटावर एकट्या बॉब केन यांचे नाव होते, आणि फिंगर यांचे नाव श्रेयनामावलीत यायला २०१५ साल उजाडले. कर्बी यांच्या वारसांचा दावाही २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचल्यावर मिटला. अमेरिकी कायद्यात पगारी कामातून झालेल्या निर्मितीचा 'लेखक' ही कंपनीच मानली जाते, आणि मार्व्हलने सारी लढाई याच आधारावर लढली.

आपल्याकडे १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातले ५७वे कलम लेखकाचा एक हक्क हक्कविक्रीनंतरही शाबूत ठेवते: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि तिची बदनामीकारक मोडतोड अडवण्याचा. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवरील चित्रपटाबद्दल ऐंशीच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाचा आधार घेतला, आणि न्यायालयाने तो हक्क उचलून धरला. २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटांतील गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंत्राटाने काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली. ही कलमे आपल्याकडे पूर्णपणे पाळली जातात असा माझा दावा नाही. पण निर्मात्याला रूपांतराच्या टेबलावर एक खुर्ची कायद्याने असावी, हे तत्त्व त्यांत आहे, आणि चित्रकथांच्या लेखक-चित्रकारांना तीच खुर्ची मिळावी असे माझे मागणे आहे. मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेक मराठीत वाचत मोठ्या झालेल्या माझ्या पिढीने ही पात्रे कुणी लिहिली-काढली याची चौकशी क्वचितच केली. निदान आता भारतात चित्रकथा काढणारी तरुण मुले प्रकाशकाशी करार करताना १३० डॉलरचा तो धनादेश समोर ठेवोत.

२०२५च्या नव्या सुपरमॅन चित्रपटात जेम्स गन यांनी त्याला स्थलांतरित म्हणून पुन्हा ठळक केले, एका देशाने दुसऱ्या दुबळ्या देशावर केलेले आक्रमण त्याला थांबवायला लावले, आणि खलनायक म्हणून सरकारला शस्त्रे पुरवणारा अब्जाधीश तंत्र-उद्योजक ठेवला. दोन्ही देश काल्पनिक आहेत, आणि शेवटी शहर दुभंगतेच. तरीही कितीतरी वर्षांनी शत्रू पुन्हा जमिनीवर उतरलेला दिसला, याचा मला मनापासून आनंद झाला.

१ जानेवारी २०३४ रोजी अमेरिकेत १९३८च्या अंकांवरचा स्वामित्वहक्क संपेल. नाव आणि छातीवरचे चिन्ह यांवरचे व्यापारी हक्क कंपनीकडे राहतील, नंतरच्या काळातली भर अजून बांधलेली असेल. उडणारा सुपरमॅन त्या दिवशी मोकळा होणार नाही, कारण उडणे नंतर आले. त्याला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट मोकळे होणार नाही, तेही रेडिओवरून नंतर आले. मोकळा होईल तो लांब उड्या मारणारा, राज्यपालांचे दार तोडणारा, दलालाला तारांवरून नेणारा पहिला सुपरमॅन. आणि त्याच दिवशी त्याच वर्षाचा तिसरा अंकही मोकळा होईल. कोसळलेले छत, बिघडलेली घंटा, आणि फावडे हातात घेऊन उभा असलेला खाणमालक यांचे चित्र मग कुणालाही, कोणत्याही भाषेत, कुणाच्याही परवानगीवाचून पुन्हा काढता येईल.